चोपन्न फूट आणि एक दार

४ फेब्रुवारी

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. तिकडे तूही मजेत असशील, निदान आईला येणाऱ्या पत्रांवरून तरी तसं दिसतं. ती पत्रं आई मला मोठ्याने वाचायला लावते. शेवटच्या ओळीत तू लिहितेस, ‘घरातल्या सगळ्यांना नमस्कार.’ तिथे मी पोचलो की तुझी वहिनी माझ्याकडे बघते. सगळ्यांत मीही येतो असं मी धरून चालतो. सहा वर्षं धरून चालतोय.

फोन करता आला असता. पण फोनवर मी आधी ओरडतो आणि मग विचार करतो, हे तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. कागदावर ओरडता येत नाही, म्हणून कागद.

आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. आता तिला इतकं स्वच्छ दिसतं की घरात कुणाचीच धडगत नाही. फडताळावरची धूळ, माझ्या शर्टावरचा डाग, वहिनीने लपवलेला फुटका कप, सगळं पहिल्याच आठवड्यात उघडकीला आलं. परवा मला जवळ बोलावून न्याहाळलं आणि म्हणाली, “अरे, तू एवढा म्हातारा कधी झालास?” तुझी वहिनी त्या दिवशी येता-जाता हसत होती. माझा डावा गुडघा कुरकुरतो, एवढंच. वहिनी म्हणते, तरुणपणी वजनं उचललीत त्याचं हे फळ. मी कसलं वजन उचललं, असं मी विचारलं, तर उठून चहा टाकायला गेली.

आता मुख्य बातमी. वाचनालयाला रॅम्प होतोय. आपल्या, नऊ पायऱ्यांच्या, नगरपालिकेच्या वाचनालयाला. आणि काम माझ्याकडे आहे. बांधकाम खात्यात आम्ही ओव्हरसियर तिघं, पण मी साहेबांच्या टेबलासमोर जाऊन उभाच राहिलो. शेवटी त्यांनी फाइल माझ्या अंगावर टाकली आणि म्हणाले, घे बाबा, पण आता हल.

नियम साधा आहे. एक फूट चढायचं तर बारा फूट लांब जायचं. पायऱ्या सहा-सहा इंचांच्या नऊ, म्हणजे साडेचार फूट उंची. तिला बारा पट, म्हणजे चोपन्न फूट. साहेबांनी आकडा ऐकला आणि विचारलं, “लोकांना वाचनालयात न्यायचंय की गावाबाहेर?” अंगण तर पस्तीस फुटांचं. मग अर्धा रॅम्प फाटकाकडून झाडापर्यंत, झाडाशी सपाट जागा, तिथे वळायचं, आणि उरलेला अर्धा परत दाराकडे. ठेकेदार झाड तोडायला निघाला होता. मी त्याला म्हटलं, झाड तोडायचं तर आधी मला तोड. तो माझ्याकडे आणि झाडाकडे आळीपाळीने बघत राहिला, आणि झाड सोपं दिसत असूनही त्याने कुऱ्हाड खाली ठेवली. ते बदामाचं झाड, धाकटे. तुला पाठुंगळीला घेऊन मी त्याच्याखाली दम खायला थांबायचो आणि तू माझ्या खांद्यावरून खाली पडलेले बदाम मोजायचीस. मी म्हणायचो, दम लागला म्हणून नाही थांबलो, सावली बरी आहे म्हणून थांबलो. घोडा कधी थकलो म्हणत नाही.

आमचा गवंडी म्हणतो, साहेब, हा उतार एवढा सोशीक आहे की पाणीसुद्धा विचार करून वाहील.

नवीन हुकूम असा आलाय की काम पास करण्याआधी चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाने ते स्वतः वापरून बघायचं आणि लेखी शेरा द्यायचा. त्या माणसाचा शोध घ्यायला मला लांब जावं लागलं नाही. वाचनालयासमोर रस्त्यापलीकडे घड्याळजीचं दुकान आहे. तू गेल्यावर उघडलं, म्हणून तुला माहीत नसेल. माणूस वीस वर्षं खुर्चीवर. सहा वर्षं वाचनालयाच्या तोंडासमोर बसतो आणि एकदाही आत गेलेला नाही. घड्याळं दुरुस्त करतो आणि जिभेला रोज धार लावतो. मी विचारलं, शेरा द्याल का? तो म्हणाला, देईन, पण गोड लागेल याची हमी नाही. आता रोज संध्याकाळी दुकान बंद करून फाटकापाशी येतो आणि माझ्या गवंड्याला शिकवतो. आमचं जमलंय. म्हणजे आम्ही रोज भांडतो.

काम महिनाअखेर उरकेल. तू येऊन बघशील का, असं विचारायला आई सांगते. आईच सांगते.

अजून एक गोष्ट लिहायला बसलो होतो, पण पान संपलं. (पान संपलं नाही. मागची बाजू कोरी आहे, तुला दिसेलच.)

तुझा,
दादा


२१ फेब्रुवारी

प्रिय धाकटे,

आशीर्वाद. तुझं उत्तर नाही. मी वाट बघत नव्हतो. वहिनी म्हणते, पोस्टमनला बघून गॅलरीत पळणारा माणूस वाट बघत नसेल तर मग व्यायाम करत असेल.

रॅम्प झाला. आणि माझी जी शोभा झाली ती तुला सांगायलाच हवी, कारण तिच्यावर हसायचा पहिला हक्क तुझा आहे.

परवा घड्याळजीला चढवून बघायचं ठरलं. म्हणजे तो चढणार, आम्ही बघणार. साहेब आले, ग्रंथपाल बाई वर काचेतून डोकावत होत्या, गवंडी धुतलेला सदरा घालून आला. मी आदल्या दिवशी पाण्याची नळी लावून उतार तीनदा तपासला होता. बोटभर इकडे नाही की तिकडे नाही. दोन्ही बाजूंना कठडा, कठड्याला दोन दांडे, एक उभ्याने धरायला आणि एक बसून धरायला. वळणाची जागा एवढी ऐसपैस की तिथे दोघांनी गप्पा माराव्यात. साहेबांनी घातलेला खर्चाचा धाक, ठेकेदाराची रडगाणी, सगळं पचवून मी असं काम केलं होतं की छाती फुगली होती.

घड्याळजी निघाला. पहिला टप्पा सरळ गेला. झाडाशी वळला, दोन मिनिटं मुद्दाम थांबला, वर बघितलं, म्हणाला सावली बरी आहे. दुसरा टप्पाही झोकात. वरच्या ओट्यावर पोचला. आम्ही टाळ्या वाजवायला हात वर केले. त्याने दाराची कडी धरली आणि ओढली.

आणि दार त्याच्या अंगावर आलं.

ते दार बाहेरच्या बाजूला उघडतं, धाकटे. ओट्यावर खुर्ची उभी असली की दार उघडायला जागाच नाही. दार उघडायचं तर खुर्ची मागे घ्यायची, मागे घ्यायची तर उतारावर जायची, उतारावर गेलं की कडीपर्यंत हात पोचत नाही. त्याने चारदा प्रयत्न केला. मग खुर्ची वळवून आमच्याकडे तोंड करून बसला आणि वरून म्हणाला, “ओव्हरसियर, रस्ता झकास बांधलात. दारापर्यंतचा.”

साहेब हसले नाहीत, त्यांनी फक्त टोपी काढून परत घातली. गवंडी जमिनीकडे बघत होता. मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, हे दार पहिल्यापासून असंच आहे, मी काय करू? मोठ्याने म्हणालो. घड्याळजी खाली आला, माझ्यासमोर थांबला. म्हणाला, “तुम्ही सांगता तुमची बहीण चार वर्षं रोज इथे यायची. मग ती दार कसं उघडायची?”

मी तावातावाने वर गेलो, कडीला हात लावला, आणि तेव्हा आठवलं.

तू ते दार कधी उघडलंच नाहीस. मी तुला पाठुंगळीला घेऊन नववी पायरी चढायचो, तेव्हा ग्रंथपाल बाई आवाज ऐकून आतून दार ढकलून धरायच्या. चार वर्षं रोज. दार कुठल्या बाजूला उघडतं हे ना तुला माहीत असायचं कारण होतं ना मला. माझ्या दोन्ही हातांत तुझे पाय असायचे.

मी घरी आलो. जेवलो नाही. वहिनीने ताट झाकून ठेवलं. आणि आता मागच्या पत्राची कोरी बाजू.

सहा वर्षांपूर्वी पालिकेने सगळ्या इमारतींची पाहणी केली होती. कुठे कुठे रॅम्प हवा ते ठरवायला. वाचनालयाचा फॉर्म मी भरला. एक रकाना होता, ‘या इमारतीत रोज येणाऱ्या दिव्यांग व्यक्तींची संख्या’. त्यात मी शून्य लिहिलं. खाली माझी ती शेपटीवाली सही.

त्या शून्यामुळे वाचनालय यादीतून गेलं. त्याच वर्षी तिथे सहायक ग्रंथपालाची जागा निघाली. मुलाखतीत तू पहिली आलीस. आणि मग कागद आला की या इमारतीत रॅम्प नाही आणि होणारही नाही, तेव्हा तुझी नेमणूक तिथे करता येत नाही. त्या दिवशी मी तुला म्हणालो होतो, नालायक लोक आहेत, मी बघतो एकेकाला. ते मीच होतो.

तू कार्यालयात जाऊन फॉर्म काढायला लावलास, हे मला त्याच दुपारी कळलं. कारकुनाने सांगितलं. तो म्हणाला, तुमच्या बहिणीने कागद बघितला, सहीवरून बोट फिरवलं आणि परत दिला. तू घरी येऊन काही बोलली नाहीस. मीही बोललो नाही. महिन्याभराने तू ट्रंक भरलीस आणि त्या दुसऱ्या गावच्या शाळेत पुस्तकं सांभाळायला निघून गेलीस. स्टँडवर तुला बसमध्ये चढवायला मी नेहमीसारखा पुढे वाकलो. तू म्हणालीस, “दादा, आज हात लावू नकोस.” कंडक्टर आणि दोन अनोळखी माणसांनी तुला चढवलं आणि मी ट्रंक धरून उभा राहिलो. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगत आलो, धाकटीला कामामुळे यायला जमत नाही. आईलाही तेच सांगितलं.

मी शून्य का लिहिलं? सहा वर्षं स्वतःला एक उत्तर देत होतो. तू एकटी येत नव्हतीस, माझ्याबरोबर येत होतीस, म्हणून मी तुला धरलं नाही. हे खरं आहे. मी त्या रकान्यापाशी थांबून विचारही केला होता, कोण येतं बरं इथे, आणि देवाशपथ मला कुणी आठवलं नाही. तू आठवली नाहीस. तुझं वजन माझ्या पाठीवर ओळखीचं झालं होतं, त्याला मी माणूस म्हणून मोजलंच नाही.

पण अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं मला दारापाशी कळलं. सगळं गाव म्हणायचं, भाऊ असावा तर असा. मी तुला घेऊन पायऱ्या चढायला लागलो की लोक वाट सोडायचे, आणि मला ते आवडायचं. रॅम्प झाला असता तर माझं काय काम उरलं असतं? हे मी तेव्हा मनातसुद्धा बोललो नव्हतो. पण ते होतं. मला लाज वाटते, धाकटे. माझं चुकलं. तुझी नोकरी गेली ती माझ्यामुळे, आणि तू जे सहा वर्षं आली नाहीस तेही माझ्यामुळे.

सुतार उद्या येतोय. दार आतल्या बाजूला उघडेल असं करतोय, आणि कडी खाली घेतोय. घड्याळजीला म्हटलं, आता शेरा द्या. तो म्हणतो, मी देणार नाही, मी या दाराला नवा आहे. ज्या माणसाला ते दार कधी उघडता आलं नाही त्याला बोलवा. मी म्हटलं, ती येणार नाही. तो म्हणाला, मग तुमचा रॅम्प पास होणार नाही. माणूस हट्टी आहे, आणि साहेब त्याच्या बाजूचे झालेत.

म्हणून विचारतो. आई नाही, मी विचारतो. येशील का?

दादा


३० मार्च

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद, आणि यावेळी उत्तरादाखल. काल आईला आलेलं तुझं पत्र मी नेहमीप्रमाणे वाचून दाखवत होतो. शाळेच्या गमती झाल्या, तुझ्या मैत्रिणीच्या मांजरीला पिल्लं झाली ते झालं, आणि शेवटी आलं, ‘घरातल्या सगळ्यांना नमस्कार, आणि दादाला वेगळा.’ मी थांबलो. आई म्हणाली, पुढे वाच. मी म्हटलं, संपलं. ती म्हणाली, मग परत तेच वाच. तीनदा वाचून घेतलं म्हातारीने. वहिनी डोळे पुसत स्वयंपाकघरात गेली आणि तिथून म्हणाली की कांदा चिरतेय. स्वयंपाक झालेला होता.

तू आलीस त्या दिवसाबद्दल तुला थोडं सांगायचं राहिलंय. जेवताना सांगता आलं नाही. आई तुझ्या ताटात वाढत सुटली होती आणि तू घराच्या पायऱ्यांवर मी टाकलेल्या फळीला हसत होतीस. ती फळी हसण्यासारखीच आहे, कबूल. आपल्या दोन पायऱ्यांना एकास बारा लावलं तर फळी बारा फूट होते आणि शेजाऱ्यांच्या फाटकात जाऊन टेकते, हे मला लाकूड कापून झाल्यावर कळलं. शेजारी म्हणतो, राहू द्या, आता तुमच्याकडे यायला मलाही सोपं.

तर, तुझं कार्ड आलं होतं, ‘मंगळवारी दहाच्या बसने येते. स्टँडवर कुणी यायचं नाही. वाचनालयापाशीही नाही.’ मी ते कार्ड पाच दिवस खिशात घेऊन हिंडलो. मंगळवारी ऑफिसात सही केली, दुसऱ्या कामाच्या जागेवर जातो असं सांगितलं आणि घड्याळजीच्या दुकानात जाऊन आतल्या बाजूला, मोठ्या घड्याळाच्या आडोशाला उभा राहिलो. कार्डात दुकानाचं नाव नव्हतं, म्हणजे तिथे चालेल, असा मी अर्थ काढला.

तू कोपऱ्यावरून आलीस. मला आधी तू आहेस हे कळलंच नाही. मी तुला कधी लांबून येताना बघितलंच नव्हतं, धाकटे. तुझं डोकं मला आयुष्यभर माझ्या कानापाशी माहीत. तुझी ती हलकी खुर्ची, चाकांवरचे तुझे हात, आणि किती भरभर येत होतीस तू. मनात आलं, ही बाई कोण एवढ्या घाईने चाललीय.

रस्ता ओलांडायच्या ठिकाणी फुटपाथ मी उतरता करून घेतला होता. तिथे एकाने हातगाडी लावून ठेवली होती, नेमकी त्याच दिवशी. तू थांबलीस. माझा पाय दुकानाच्या उंबऱ्याबाहेर पडला होता. घड्याळजीने माझ्या सदऱ्याचं टोक धरलं, डोळ्यावरचं भिंग न काढता. म्हणाला, “हात खिशात घाला आणि पाच मिनिटं उभे राहा. पाच मिनिटं मी मोजतो, तो माझा धंदा आहे.” तू त्या गाडीवाल्याला काहीतरी म्हणालीस. काय म्हणालीस ते ऐकू आलं नाही, पण तो ज्या वेगाने गाडी हलवायला धावला त्यावरून तू आपल्या आईची मुलगी आहेस याची खात्री पटली.

मग तू रॅम्पवर आलीस. मी दोन्ही हात खिशात घातले आणि मुठी आवळल्या. पहिल्या टप्प्यात मध्येच तुझा वेग जरा कमी झाला तर माझ्या पाठीत कळ आली. खरंच आली, वहिनीला विचार, त्या दिवशी तिने शेकवलं. झाडाशी तू थांबलीस. दमलीस की काय, असं वाटलं, आणि मग दिसलं की तू खाली वाकून बघतेयस. बदाम मोजत होतीस ना? मला वाटतं, मोजत होतीस.

वर गेलीस. कडीला हात लावलास. मी डोळे मिटले. एवढी नळी लावून तपासलेलं काम, सुतार तीनदा आणलेला, आणि तरी मिटले. घड्याळजी म्हणाला, “उघडलं.” मी डोळे उघडले तोवर तू आत गेली होतीस आणि दार तुझ्यामागे हळू बंद होत होतं. कुणीही धरलेलं नव्हतं ते.

मी दुकानातल्या स्टुलावर बसलो आणि रडलो, हे तुला सांगायला हरकत नाही. घड्याळजीने दुकानातली सगळी घड्याळं एकामागून एक पुसायला घेतली. मग म्हणाला, सात मिनिटं झाली, दोन फुकट दिली.

आता दुसऱ्या दिवसाची गोष्ट, जी तुला माहीत असणं शक्य नाही. तू तुझा शेरा पाकिटात बंद करून साहेबांकडे ठेवून गेली होतीस. साहेबांनी ते अख्ख्या खात्यासमोर फोडलं आणि वाचलं. मी पाठ केलंय. ‘चढ: दम न लागता चढले. वळण: पुरेसं. झाड: नकाशात नसलं तरी ठेवल्याबद्दल उत्तम. दार: एका हाताने उघडलं. दोष: कठड्याचा खालचा दांडा चार बोटं वर हवा.’ इथे गवंडी माझ्याकडे बघून म्हणाला, सांगितलं होतं. मग साहेब थांबले, चष्मा पुसला आणि उरलेलं वाचलं. ‘इतर: समोरच्या घड्याळाच्या दुकानात, मोठ्या घड्याळाच्या मागे उभ्या असलेल्या ओव्हरसियरांनी दोन्ही हात शेवटपर्यंत खिशात ठेवले. त्याबद्दल आभार.’

सगळं खातं हसलं, धाकटे. शिपाई, टंकलेखक बाई, ते दोन ओव्हरसियर, सगळे. मीही हसलो. सहा वर्षांत ऑफिसात एवढं हसलो नव्हतो. तू मला बघितलं होतंस, आणि जेवताना माझ्या पानात भाजी वाढताना एक शब्द बोलली नाहीस. लबाड कुठली.

दांडा चार बोटं वर घेतलाय. रॅम्प सध्या कोण कोण वापरतं ते ऐक. घड्याळजी रोज दुपारी जातो, जाड जाड कादंबऱ्या आणतो आणि शेवट आवडला नाही तर बाईंशी भांडतो. बाळांच्या गाड्या घेऊन बाया येतात. पुस्तकांचे खोके आणणारा हमाल म्हणतो, माझ्या वीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा कुणी माझा विचार केला, आणि मी त्याला सांगत नाही की आम्ही त्याचा विचार केलाच नव्हता. आई परवा हात धरू न देता चढली, दांडा धरून, आणि वरून मला म्हणाली, दार आत ढकलायचं असतं रे, शिकून घे. तुझा हा भाऊसुद्धा गुडघ्यामुळे पायऱ्या सोडून तिकडूनच जातो. कुणी बघत नसलं तर.

आणि आता शेवटचं. पाहणीचा फॉर्म यावर्षी परत आलाय. तोच रकाना. यावेळी मी टेबलावर बसून भरला नाही. आठवडाभर वाचनालयाच्या दारात खुर्ची टाकून बसलो, सकाळ-संध्याकाळ, आणि येणाऱ्या प्रत्येकाला नाव विचारून वहीत लिहिलं. घड्याळजी. कुबड्यांवरचे गणिताचे मास्तर. ऐकू न येणाऱ्या दोघी बहिणी, ज्या हाताने एवढं बोलतात की बाईंना त्यांना शांत बसायला सांगावं लागतं. दृष्टी नसलेली शिवणकाम शिकवणारी बाई, जिच्यासाठी आता बोलकी पुस्तकं मागवली आहेत. ही सगळी माणसं गावात होतीच, धाकटे. मी रोज त्यांच्या शेजारून जात होतो. एकूण सतरा भरली.

मी फॉर्मवर अठरा लिहिलं.

ग्रंथपाल बाईंनी वही बघितली, बोटांवर मोजलं आणि म्हणाल्या, एक जास्त आहे, ती तर परगावी असते, एकदाच आली. मी म्हटलं, असू दे. सहा वर्षांपूर्वी एक कमी लिहिला होता. खाली शेपटीवाली सही केली आणि फॉर्म साहेबांच्या टेबलावर ठेवला.

म्हणजे सरकारी कागदावर तुझा दादा परत एकदा खोटं लिहून बसलाय. ते खरं करणं आता तुझ्या हातात आहे. बस दहाची आहे, दार आत उघडतं, आणि मी कुठल्या घड्याळामागे उभा असतो ते तुला ठाऊक आहेच.

तुझा,
हात खिशात घातलेला
घोडा (सेवानिवृत्त)